पाण्यात माती कालवली तेव्हा

माझ्या नोकरीतली निम्मी वर्षं पाणी ढवळण्यात गेली आणि उरलेली निम्मी ते निवळायची वाट बघण्यात. एवढंच सांगितलं तर लोकांना मी साधना वगैरे करत होते असं वाटतं. प्रत्यक्षात मी नागपूरच्या एका कंपनीत पॉलिमर विकत होते, आणि विकलेलं पॉलिमर गिऱ्हाईक नीट वापरतंय का ते बघत होते. दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड.

पॉलिमर म्हटलं की समोरचा लगेच प्लास्टिकच्या बादलीकडे बोट दाखवतो. आमच्या आईनं तर हा प्रश्न कधीच निकालात काढला होता. धरमपेठेतल्या सगळ्या नातेवाइकांना ती सांगायची, "आमची पोरगी तुरटीच्या कंपनीत आहे." मी चिडायचे. आता वाटतं, आईनं चार शब्दांत सांगितलं ते मला माहितीपत्रकाच्या चार पानांत सांगता आलं नव्हतं.

तर आधी धंदा समजावून सांगते. पावसाळ्यात नदीचं पाणी ग्लासात घेऊन ठेवा. जाड रेती खाली बसते, पण चहासारखा रंग काही जात नाही. कारण मातीचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत असतात आणि त्या सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. एकाच घरातल्या दोन जावांसारखं म्हणा. एकटा कण इतका हलका, की तो खाली बसायला महिना लावेल. पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळी असलेला रेणू. तो पाण्यात उलगडला की एका टोकाला एक कण धरतो, दुसऱ्या टोकाला दुसरा, मध्ये आणखी दहा. दूध फाटतं तसं पाणी फाटतं, कापसाच्या बोंडासारखे पुंजके दिसायला लागतात, आणि ते जड झाले की गुपचूप तळाला जातात. वर उरतं नितळ पाणी. ही युक्ती काही आमच्या कंपनीनं शोधलेली नाही. गूळ करणारे उसाच्या रसात भेंडीचं चिकट पाणी घालून मळी काढतात, ती हीच.

या धंद्यात तीन गोष्टी सांभाळायच्या. किती टाकायचं, कसं विरघळवायचं आणि किती जोरात ढवळायचं. माझी सगळी गिऱ्हाइकं या तिन्हींपैकी एकीवर घसरली. काही तर शब्दशः घसरली.

हिंगण्याच्या एका कारखान्यात पॉलिमरच्या पावडरीची गोणी फाटली. स्टोअरच्या साहेबांना स्वच्छतेची भारी हौस. मी फोनवर सांगतेय, "पाणी लावू नका, कोरड्या भुश्यानं झाडून घ्या," पण तोवर साहेबांनी पाइप सोडला होता. पॉलिमरला पाणी लागलं की फरशीचा बुळबुळीत साबण होतो. आधी साहेब पडले. त्यांना उचलायला धावलेले अकाउंटंट पडले. मी पोचले तेव्हा दोघं भिंतीला पाठ लावून बसले होते आणि शिपाई दारातूनच त्यांना चहा सरकवत होता.

सावनेरकडच्या एका कोळसा धुण्याच्या कारखान्यातले शिफ्ट इंचार्ज वेगळ्याच गावचे. त्यांना कुठलंही यंत्र फुल स्पीडवर पाहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. पॉलिमर टाकलं, पुंजके झाले, की हे ढवळणी जोरात फिरवणार आणि झालेले पुंजके फोडून टाकणार. मी म्हटलं, "साहेब, आधी जोरात, मग हळू. जमलेलं लग्न मोडू नका." ते म्हणाले, "मॅडम, हळूचं काम आपल्याले जमत नाही." अखेर मी मेकॅनिकला सांगून ढवळणीची पुली बदलून घेतली. त्यांना अजूनही वाटतं, ते फुल स्पीडवरच चालवतात.

आणि धरमपेठेतले एक ज्यूसवाले. त्यांना संत्र्याचा रस काचेसारखा आरपार हवा होता. "मॅडम, तुमचं औषध दोन थेंब टाका, गाळ बसला पाहिजे." मी म्हटलं, गाळ बसला तर संत्रंही त्याच्याबरोबर बसेल, मग तुम्ही काय विकणार, पाणी? ते रागावले आणि त्यांनी मला ग्लासही न देता पाठवलं. तसाही तो रस फार आंबट असायचा.

हे सगळे किस्से मी लग्नाकार्यात सांगत आले. एक मात्र फारसा सांगितला नाही, कारण तो सांगताना मी हसत सुरुवात करते आणि मध्येच माझा आवाज बदलतो. आता लिहूनच टाकते.

पारशिवनीच्या पलीकडे पेंच नदीच्या काठावर एक गाव आहे. तिथल्या नळयोजनेचं शुद्धीकरण केंद्र बायकांच्या बचत गटाकडे होतं. पाणी उपसायचं, पॉलिमर टाकायचं, गाळायचं, क्लोरीन घालायचं आणि व्हॉल्व्ह उघडून गावाला सोडायचं, हे सगळं सुनंदाबाई बघायच्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या. गावातल्या कुठल्याही पंगतीचा रस्सा त्यांच्या हातचा असायचा. त्यांना मीच शिकवलं होतं आणि मला त्यांचा अभिमान होता. पाणी हातात घेऊन वास घेणारी, उजेडात धरून बघणारी अशी शिष्या मला कारखान्यांत मिळाली नाही.

पण गावात कुरबुर सुरू होती. सरपंच वासुदेवराव माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की मशीनचं काम बायांचं नाही, ठेकेदाराला देऊन मोकळं व्हावं. ठेकेदार तयारच होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, संध्याकाळी ग्रामसभा ठरली. केंद्र बायकांकडे ठेवायचं की काढून घ्यायचं, एवढा एकच विषय. सुनंदाबाईंचा सगळा जीव त्या केंद्रात होता. त्या कामामुळे लोक त्यांना गावात नावानं ओळखायला लागले होते. त्याआधी त्या फक्त कोणाच्या तरी सून होत्या.

करीच्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. मी दरवर्षी इतवारीत मावसबहिणीच्या गच्चीवरून बघते. त्या सकाळी चप्पल घालतच होते, तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, पाणी बिघडलं जी." सुनंदाबाईंचा आवाज ओळखू येत नव्हता. "जितलं टाकून राहिली तितलं अजून खराब होऊन राहिलं."

"टाकणं आधी थांबवा," मी म्हटलं. "आणि व्हॉल्व्ह?"

"बंद ठेवला हाय. काल दुपारपासून बंद हाय. पोळ्याच्या दिवशी गाव कोरडं ठेवलं मी."

मी चार बरण्या, पिपेट आणि ढवळणी गाडीत टाकली. मारबत त्या वर्षी माझ्याशिवायच गेली.

गावात शिरले तेव्हा लहान पोरं लाकडी बैल सजवत बसली होती, तान्ह्या पोळ्याची तयारी. केंद्रावर मात्र सुतकी कळा. टाकीतलं पाणी पातळ ताकासारखं दिसत होतं. बोटांत घेतलं तर किंचित बुळबुळीत. मला बघताक्षणी कळलं, पण विचारलंच, "किती टाकलंत?"

सुनंदाबाई खाली बघत म्हणाल्या, "पोळ्याले घरोघरी पाहुणे येतात जी. नदीले पूर होता. म्हटलं, पाहुण्याच्या ताटात हात आखडता कायले घ्या? दुप्पट टाकलं. पाणी एकदम फाटलं, काच झालं. मग टाकतच गेली."

"आणि पूर?"

"तो तं परवा रातीच उतरला."

नदी उतरली होती, सुनंदाबाईंचा हात उतरला नव्हता. चूक त्यांची होती, पण ही चूक आमच्या भागातच होऊ शकते. इथे रश्श्यावर तर्री कमी दिसली तर पाहुणा ताटावरून उठत नाही, पण घरातलं माणूस शरमेनं मरतं. त्यांनी पॉलिमरही तसंच वाढलं होतं. पुरात माती भरपूर होती तोवर ते खपलं. माती कमी झाली आणि पॉलिमर तेवढंच राहिलं, तेव्हा प्रत्येक कणाला पॉलिमरनं चारी बाजूंनी गुंडाळून टाकलं. कोणाचं टोक कोणाला मिळेना. कण पुन्हा सुटे झाले आणि आधीपेक्षा हट्टी.

तेवढ्यात वासुदेवराव आले. मला नमस्कार केला आणि सुनंदाबाईंकडे वळले. "काय करून राहिली वं सुनंदा? कालपासून लोक माह्या घरी येऊन राहिले. थोडं बुळबुळीत असलं तं काय होते? सोडून दे. भांडे तं घासता येतीन."

"नाई सोडत," सुनंदाबाई म्हणाल्या.

"मी सांगून राहिलो न!"

"तुमी काल बी सांगतलं. नाई सोडत. लोक भांडे घासत नाई फक्त, पेतात."

सरपंच माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बाई बरोबर बोलताहेत, जास्तीचं पॉलिमर असलेलं पाणी कोणाच्या घशात जाता कामा नये. ते पुटपुटत गेले. जाताना एवढं बोलले, की संध्याकाळी सभेत काय ते होईल.

टाकी उपसून रिकामी करून पुन्हा भरायची तर दुसरा दिवस उजाडला असता. मी बरण्या मांडल्या. चारही बरण्यांत तेच बिघडलेलं पाणी घेतलं आणि सुनंदाबाईंना म्हटलं, "मला माती आणून द्या. बारीक, चाळलेली."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "पाण्यात टाकाले?"

"पाण्यात टाकायला."

"मॅडम, सभा हाय जी संध्याकाळी," त्या हळूच म्हणाल्या. माझं डोकं फिरलं असं सरळ तोंडावर बोलायचं नव्हतं त्यांना.

मग मी त्यांच्या भाषेत सांगितलं. "सुनंदाबाई, तुमच्या पंगतीत सगळेच वाढपी झालेत. रश्श्याचं बकेट घेऊन सगळे उभे, आणि पानावर जेवायला कोणीच नाही. आता वाढप्यांना घरी पाठवता येत नाही. मग काय कराल?"

त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "अवो बाप्पा! पाहुणे कमी पडले!"

"मग आणा पाहुणे."

त्या पळतच कुंभाराच्या घरी गेल्या. गणपती जवळ आले होते, शेवटच्या काही मूर्तींसाठी त्यानं तलम माती चाळून भिजत घातली होती. मी मागोमाग पोचले तेव्हा वाद रंगात आला होता. कुंभार म्हणत होता, "गणपतीची माती हाय वं. पाण्यात कायले टाकतं?" सुनंदाबाई म्हणाल्या, "शेवटी पाण्यातच तं जाते न ते!" कुंभार म्हणाला, "विसर्जनाले टाइम हाय अजून!" पण बोलता बोलता त्यानं घमेलं भरून दिलं, आणि वर एक जास्तीचा गोळा ठेवला. आमच्याकडे मातीसुद्धा मोजून देत नाहीत.

पहिल्या बरणीत मातीचं पातळ पाणी थेंबभर, दुसरीत त्याहून जास्त, तिसरीत आणखी, चौथीत भरपूर. आधी जोरात ढवळलं, मग हळू. बरण्यांतलं ताक गढूळ झालं. गंमत बघायला कुंपणावर येऊन बसलेल्या माणसांपैकी एकजण म्हणाला, "आता तं पक्कंच नासलं." सुनंदाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, ते त्या सोडत नव्हत्या. मी बरण्यांवरून नजर हलवली नाही. इतकी वर्षं झाली तरी प्रत्येक वेळी वाटतं, या वेळी नाहीच जमणार.

मग तिसऱ्या बरणीत एक ठिपका दिसला. त्याच्या शेजारी दुसरा. बघता बघता पुंजके फुगले आणि सावकाश खाली उतरायला लागले. वरच्या बाजूनं पाणी नितळ होत आलं. चौथ्या बरणीतली माती जास्त झाली होती, पहिल्या दोन्हींतली कमी. सुनंदाबाईंनी तिसरी बरणी उन्हात धरली, आणि त्या बाईनं चक्क कुंपणावरच्या माणसाला ती नेऊन दाखवली.

"पाय, नासलं का?" त्या म्हणाल्या.

टाकीतलं पाणी पंपानं परत वरच्या हौदात चढवलं. तिथे मातीचं पाणी बारीक धारेनं सोडायचं, ढवळणी आधी जोरात आणि मग अगदी हळू फिरवायची आणि पाणी पुन्हा टाकीत उतरू द्यायचं. हे काम सुनंदाबाईंनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. मी फक्त मधूनमधून बरणी भरून बघत होते. दुपार टळता टळता टाकीच्या तळाशी मातीचा थर बसला. वरचं पाणी वाळूतून गाळलं, मी तपासलं, क्लोरीन घातलं. पाणी चांगलं झालं होतं. पण तोवर सभेची वेळ झाली, आणि सोडण्याआधी क्लोरीनला थोडा अवकाश द्यायलाच हवा होता. थोडक्यात, सुनंदाबाई सभेला गेल्या तेव्हा गाव कोरडंच होतं.

सभा शाळेच्या पटांगणात. सुनंदाबाईंनी व्हॉल्व्हची लोखंडी चावी सरपंचांच्या टेबलावर ठेवली आणि बाजूला उभ्या राहिल्या. चावी कोणाकडे जाणार, एवढाच सभेचा प्रश्न होता.

एक म्हातारी आधीच उठून बोलायला लागली. सगळं गाव तिला बडी माय म्हणतं. "पोळ्याच्या दिवशी माह्या बैलाले धुवाले पाणी नाई! जावाई आला, त्याले हातपाय धुवाले शेजारच्या विहिरीवर पाठवला! लाज गेली माही!" लोक हसले, पण राग खरा होता. मागून आवाज आले, "ठेकेदारच पाहिजे."

मी उठायच्या बेतात होते. मनात एक सोयीचं वाक्य तयार होतं, की पुरामुळे नदीचं पाणीच असं आलं, कोणाचा इलाज नव्हता. नदी काही सभेला येऊन खोटं पाडणार नव्हती. पण माझ्या आधी सुनंदाबाई बोलल्या.

"पाणी मी बिघडवलं. पाहुणे म्हणून औषध जास्त टाकलं. चूक माही हाय. बिघडलं म्हणून मी सोडलं नाई."

कोणीतरी विचारलं, "तुले सोड म्हणून कोणी सांगतलं नाई का?"

मी सरपंचांकडे बघितलं. सरपंच टेबलाकडे बघत होते. आता त्यांचं नाव येणार, मला खात्री होती. माझ्या जिभेवर तर ते आलंच होतं. सुनंदाबाई म्हणाल्या, "लोक तं सांगतच राहतात. चावी माह्याकडे होती. म्हून जबाबदारी बी माहीच."

सरपंचांचं नाव त्यांनी घेतलं नाही. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला, की मी उगाच चष्मा पुसत बसले.

बडी माय अजून उभीच होती. ती काठी टेकत पुढे आली आणि सुनंदाबाईंच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "आता चांगलं हाय का पाणी?"

"हाव."

"पक्कं?"

"पक्कं, बडी माय. मॅडमनं बी पाहिलं."

म्हातारीनं टेबलावरची चावी उचलली आणि सुनंदाबाईंच्या हातात कोंबली. "मंग इथं काहून उभी हायेस वं? जाय, सोड. कालचे भांडे पडले हायेत माहे."

सुनंदाबाईंनी सरपंचांकडे बघितलं. सरपंचांनी मान हलवली की नाही, मला नीट दिसलं नाही. त्या चावी घेऊन धावत सुटल्या.

इकडे ग्रामसेवकानं घसा खाकरून ठराव वाचायला घेतला. अर्धा वाचून झाला असेल, तेवढ्यात शाळेच्या भिंतीपलीकडचा नळ फुरफुरला, हवा सोडली आणि धो धो वाहायला लागला. मग शेजारचा. मग पलीकडच्या गल्लीतला. आधी बायका उठल्या, मग पुरुष, मग लाकडी बैल बगलेत धरलेली पोरं. मत द्यायला कोणी थांबलंच नाही, सगळे पाण्याचे पितळी गुंड आणि बकेटी आणायला पळाले.

पटांगणात मी, ग्रामसेवक आणि वासुदेवराव एवढेच उरलो. वासुदेवराव बराच वेळ नळाचा आवाज ऐकत बसले. मग ग्रामसेवकाकडे न बघताच म्हणाले, "लिहून टाक गा. चावी सुनंदाकडंच राहीन. आणि असं बी लिही, का सरपंचानं तिले काल पाणी सोडाले सांगतलं होतं, तिनं ऐकलं नाई."